पैशाची चार पुस्तकं, पुण्यातल्या पगारावर तपासून

अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही दुकानात ‘पैशावरचं एखादं चांगलं पुस्तक द्या’ म्हटलं, की आधी रॉबर्ट कियोसाकींचं ‘रिच डॅड पुअर डॅड’ काउंटरवर येतं आणि त्याच्या पाठोपाठ मॉर्गन हाउजेलचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’. थोडं थांबलात तर जॉर्ज क्लेसनचं ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ निघतं. मोनिका हालन यांचं ‘लेट्स टॉक मनी’ बहुधा नाव सांगून मागावं लागतं. चारही पुस्तकं मिळून हजार-दीड हजारात बसतात, म्हणजे किमतीबद्दल तक्रारीला जागा नाही. प्रश्न पुस्तक मिटल्यानंतरचा आहे.

म्हणून इथे भाषा, शैली, छपाई यांना गुण दिलेले नाहीत. मोजपट्टी एकच ठेवली आहे: पुण्यात राहणारं, दोघंही कमावणारं, मिळून हातात ९० हजार येणारं आणि महिन्याला ६० हजार खर्च होणारं घर. हे पुस्तक वाचल्यावर त्या घरातली माणसं पैशाकडे कशी बघू लागतील, सोमवारी बँकेत जाऊन काय करतील, आणि ते त्यांना झेपेल का?

सुरुवात क्लेसनपासून, कारण ते सर्वांत जुनं आणि सर्वांत निरुपद्रवी. या गोष्टी १९२६ च्या सुमारास पत्रकांच्या रूपात निघाल्या आणि अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्या त्या ग्राहकांना वाटत. पुस्तकाचा स्वर थोडा प्रवचनाचा आहे तो त्यामुळे. पण मूळ सवय पक्की: मिळकतीचा दहावा हिस्सा आधी बाजूला, मग किराणा, मग बाकी सगळं. कर्जबाजारी माणसासाठी त्यात वेगळी वाटणी आहे, सात हिस्से घरखर्चाला, दोन देणेकऱ्यांना, एक स्वतःला. कर्ज फिटेपर्यंत बचत थांबवायची नाही हा त्यातला विचार आजही चांगला आहे, कारण हाताशी काहीच नसलेला माणूस पहिल्या आजारपणात पुन्हा उधारीवर जातो.

अडचण आकड्यात आहे. ९० हजारांचा दहावा हिस्सा ९ हजार. महिन्याला ९ हजार, वर्षाला ७ टक्के, २५ वर्षं, असा हिशेब केला तर हातात सुमारे ७३ लाख येतात. महागाई ६ टक्के धरली तर त्या ७३ लाखांची आजची किंमत १७ लाख. आज महिन्याला ६० हजार लागणाऱ्या घराला १७ लाख जेमतेम सव्वादोन वर्षं पुरतात. तीच रक्कम दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढवत नेली, म्हणजे पुढच्या वर्षी ९,६३०, त्याच्या पुढच्या वर्षी १०,३००, तर शेवटी १ कोटी ४० लाखांच्या वर जमतात, आजच्या किमतीत ३३ लाखांच्या आसपास. दुप्पट झाले, तरी निवृत्तीला अपुरेच. तेव्हा क्लेसनचा दहावा हिस्सा सवय लावण्यापुरता घ्यावा आणि पगारवाढीच्या महिन्यातच बँकेतली स्थायी सूचना बदलावी. म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकायच्या, म्हणजे एसआयपीच्या, फॉर्मवर ‘टॉप-अप’ किंवा ‘स्टेप-अप’ असा रकाना असतो, तो बहुतेक जण कोरा सोडतात. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला पहिलं पुस्तक म्हणून हे द्यायला हरकत नाही. चाळिशीच्या माणसाने त्यावर थांबू नये.

आता कियोसाकी. १९९७ मध्ये आलेल्या या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाच्या डोक्यात जेवढी उलथापालथ केली, तेवढी दुसऱ्या कोणत्याही अर्थविषयक पुस्तकाने केली नसेल. कारण उघड आहे. त्यातला ‘पुअर डॅड’, म्हणजे लेखकाचा स्वतःचा बाप, शिकलेला, प्रामाणिक, सरकारी शिक्षण खात्यात वरच्या हुद्द्यावर असलेला. आपल्याकडे हा माणूस प्रत्येक घरात सापडतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पोस्टात, एसटीत, महावितरणात. वाचक वीस पानांत स्वतःच्या वडिलांना ओळखतो आणि पुढच्या वीस पानांत त्यांना नापास करून मोकळा होतो.

पुस्तकाचं खरं देणं एका आकृतीत आहे. कागदाचे चार भाग करा: उत्पन्न, खर्च, मालमत्ता, देणी. जे दर महिन्याला खिशात पैसे आणतं ते मालमत्तेत लिहा, जे खिशातून नेतं ते देण्यांत. ही आकृती प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने काढावीच. दारातली ९ लाखांची गाडी, गावाकडचा पडीक एनए प्लॉट, लॉकरमधले पाटल्या-गोठ, मेहुण्याकडून घेतलेल्या तीन पॉलिसी, हे सगळं आपण आजवर ‘मालमत्ता’ म्हणत आलो. त्यातलं काय दरमहा किती आणतं आणि किती नेतं हे पहिल्यांदा कागदावर दिसतं. नजर बदलते ती इथे, आणि एवढ्यासाठी पुस्तकाचे पैसे वसूल आहेत.

गडबड त्याच्या पुढच्या पायरीवर होते. वाचून उत्साहात आलेलं जोडपं ‘भाड्याचं उत्पन्न’ म्हणून कर्जावर फ्लॅट घेतं. आकडे मांडू. शहराच्या कडेला जुना, तयार फ्लॅट ६० लाखांचा. २० लाख स्वतःचे, ४० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता ३४,७१३ रुपये. पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. फक्त स्त्रीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती ६० हजारांची. आता भाडं धरा १८ हजार. वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून एक महिना रिकामा गेला, १८ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. महापालिकेचा मिळकत कर, म्हणजे घरपट्टी, १० हजार. भाडेकरार, रंग, नळदुरुस्ती मिळून ८ हजार. उरले १ लाख ४४ हजार, महिन्याला १२ हजार. हप्ता पावणेपस्तीस हजारांचा आणि येणार १२ हजार. दर महिन्याला जवळपास पावणेतेवीस हजार खिशातून जाणार.

म्हणजे कियोसाकींच्याच व्याख्येने हा फ्लॅट देणं ठरतो. त्यांच्या पुस्तकाच्या जोरावर घेतलेला फ्लॅट त्यांच्याच आकृतीत चुकीच्या रकान्यात बसतो, आणि हे फार थोडे वाचक तपासून बघतात. ‘पण किंमत वाढेल ना’ हे खरं असू शकेल. तो वेगळा जुगार आहे, त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नये. शिवाय पहिल्या वर्षी भरलेल्या ४ लाख १६ हजारांच्या हप्त्यांतले ३ लाख ३७ हजार नुसतं व्याज असतं, मुद्दल फिटतं ते ८० हजारांच्या आसपास.

कर्ज हे श्रीमंतांचं हत्यार, हे सूत्रही अमेरिकेच्या जमिनीवर उगवलेलं आहे. तिथे ३० वर्षं एकच दर राहील असं गृहकर्ज सर्रास मिळतं, आणि काही राज्यांत घर बँकेला परत देऊन कर्जातून सुटता येतं. आपल्याकडचं गृहकर्ज बहुतांशी तरत्या दराचं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो) बाहेरच्या मापदंडाला बांधलेली आहेत, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ४० लाखांचा २० वर्षांचा हप्ता ३१,०१२ रुपये होतो. दर साडेनऊ झाला की त्याच ४० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याज ३१,६६७ होतं. हप्ता व्याजालाच पुरत नाही. हप्ता थकला तर सरफेसी कायद्याखाली बँक घर ताब्यात घेते, आणि विकून भागलं नाही तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या मानेवर राहते. हे कलम पुस्तकात असणं शक्यच नाही. ते कर्जाच्या करारात असतं, आणि करार कुणी वाचत नाही.

या पुस्तकाचा दुसरा दुष्परिणाम हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये दिसतो. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्यांच्या सभांमध्ये ‘नोकरी म्हणजे गुलामी’ हे वाक्य याच पुस्तकाच्या प्रतीसह वाटलं जातं. कियोसाकी स्वतः नेटवर्क मार्केटिंगची उघड भलामण करतात, त्यामुळे हा काही विपर्यास नव्हे. कुणी असं बोलावलं तर दोन प्रश्न विचारावेत. सामील व्हायला पैसे भरावे लागतात का? आणि माणूस जोडल्याबद्दल पैसे मिळतात की माल विकल्याबद्दल? डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार प्रवेश शुल्क घेणं आणि माणसं जोडण्यावर चालणारी पिरॅमिड योजना राबवणं, दोन्हीला मनाई आहे. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर दुसरा विचारायचीही गरज नाही.

तिसरा दुष्परिणाम फोनवर घडतो. ‘पैसा आपल्यासाठी राबला पाहिजे’ असं वाचलेला तरुण सहा महिन्यांत ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, खेळायला लागतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास. आणि ज्यांना लेखकाच्या यशावर सगळं तोलायचं असेल त्यांच्यासाठी एक नोंद: कियोसाकींच्या एका कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यांच्या पद्धतीत ते बसतंच, कंपनी बुडाली तरी मालक तरतो. पगारदाराच्या वैयक्तिक कर्जाला असा आडोसा नसतो.

वडिलांना नापास करण्याच्या घाईबद्दल हाउजेलचं पुस्तक चांगला उतारा आहे. २०२० मध्ये आलेल्या या पुस्तकाचा सुरुवातीचाच मुद्दा असा, की माणूस तरुणपणी ज्या काळातून गेला त्या काळाने त्याचं पैशाशी नातं ठरवलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याचा वेडेपणा बहुधा वेडेपणा नसतो. हे प्रकरण मराठी घरावर ठेवून बघा. १९९२ चा शेअर घोटाळा बघितलेले, जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री बंद झाल्यावर पैसे अडकलेले काका म्युच्युअल फंडाचं नाव काढल्यावर हात का झटकतात हे कळतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये रुपी बँकेवर किंवा सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ज्यांची ठेव आत होती, त्या घरात मुदत ठेवसुद्धा चार बँकांत फोडून ठेवतात, आणि ते शहाणपण आहे. उलट ज्याने मार्च २०२० नंतर डिमॅट उघडलं त्याने बाजार बहुतांशी चढतानाच बघितला. त्याला १२ टक्के म्हणजे निसर्गनियम वाटतो.

वडिलांचं तर गणितच वेगळं होतं. महागाई भत्त्यासह पेन्शन मिळणाऱ्या माणसाला म्हातारपणासाठी कोटभर जमवायची गरज नव्हती. त्याची बचत लग्न, घर आणि आजारपण यांच्यापुरती, आणि तेवढ्याला पोस्ट, एलआयसी, सोनं पुरत होतं. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी ती जुनी पेन्शन थांबली. सवयी मात्र त्याच पुढच्या पिढीने उचलल्या, पेन्शनशिवाय. चूक झाली असेल तर ती इथे, आणि ती वडिलांची नव्हे.

हाउजेलच्या सुरुवातीला व्हरमाँटमधला रोनाल्ड रीड भेटतो. पेट्रोल पंपावर काम केलं, झाडलोट केली, २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी वारला तेव्हा त्याच्या नावावर ८० लाख डॉलरहून जास्त होते. गोष्ट सुंदर आहे, वाचून धीर येतो. पण ती वाचताना एक लक्षात ठेवावं, साठ-सत्तर वर्षं थांबता आलं म्हणून ते झालं, आणि मध्ये त्याच्यावर कुणाच्या ऑपरेशनसाठी शेअर मोडायची वेळ आल्याचं गोष्टीत येत नाही. पुस्तक पुढे हेच सांगतं, चुकायला जागा ठेवा. त्या जागेचं आपल्या घरातलं नाव आणीबाणीचा निधी. ६० हजार खर्चाच्या घराला सहा महिन्यांचे ३ लाख ६० हजार. यातले लाखभर बचत खात्यात, दीड-दोन लाख सरकारी बँकेच्या मुदत ठेवीत, उरलेले लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात. लिक्विड फंडातून लगेच काढायची मर्यादा दिवसाला एका योजनेतून ५० हजार किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातलं जे कमी ते. रात्री दोन वाजता हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायचं असेल तर सगळा निधी तिथे ठेवून चालणार नाही. आणि हा पैसा जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत ठेवू नये. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हा फरक कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही, आणि महाराष्ट्रात बरेच पैसे त्याच फटीतून गळतात.

हाउजेलचा दुष्परिणाम सौम्य पण चिवट. ‘काटेकोर असण्यापेक्षा झेपेल तसं वागा’ हा त्यांचा सल्ला आळशाला फार आवडतो. दहा लाख बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडलेले आणि मालक म्हणतो, रात्री झोप लागते. महागाई ६ टक्के धरली तर त्या झोपेचं भाडं वर्षाला ३० हजारांहून जास्त आहे. ते समजून उमजून भरणार असाल तर भरा.

याच पुस्तकात लेखकाने स्वतःचं गृहकर्ज, दर कमी असूनही, फेडून टाकल्याचं लिहिलंय. गणिताला न पटणारं, मनाला पटलेलं. आपल्याकडे मात्र दर साडेआठचा असेल तर हे गणितालाही बऱ्यापैकी पटतं. वरच्याच ४० लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षाअखेर १ लाख जादा भरले, तर शेवटचे तेरा-चौदा हप्ते वाचतात, म्हणजे भरलेला लाख वजा जाता साडेतीन लाखांहून जास्त. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. फक्त बँकेला लेखी सांगा, ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’. न सांगितल्यास काही ठिकाणी हप्ता कमी करून देतात आणि फायद्याचा मोठा भाग निघून जातो. आणि हे सगळं आणीबाणीचा निधी भरल्यावर, आधी नाही. घरात अडकलेला लाख बँक परत देत नाही.

मोनिका हालन यांचं ‘लेट्स टॉक मनी’ २०१८ चं. चौघांत हे एकच पुस्तक आपल्या कायद्याच्या आणि करांच्या जमिनीवर उभं आहे, आणि गंमत म्हणजे भाषणबाजी त्यात सर्वांत कमी. त्याचा गाभा तीन खात्यांचा. एक मिळकतीचं, जिथे पगार येतो. दुसरं खर्चाचं. तिसरं गुंतवणुकीचं. पगार आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या खात्यातून महिन्याचा खर्च दुसऱ्यात आणि उरलेलं तिसऱ्यात. महिनाअखेर खर्चाचं खातं रिकामं झालं की हात आखडायचा.

कागदावर सोपं, पण पुण्या-मुंबईतल्या घरात ते तीन ठिकाणी मोडतं. पहिलं म्हणजे यूपीआय. फोनवरचं अॅप पगाराच्या खात्याला जोडलेलं असतं, मग चहापासून चपलेपर्यंत सगळं तिथून जातं आणि खर्चाच्या खात्याला अर्थ उरत नाही. पगाराच्या आणि गुंतवणुकीच्या खात्यांची यूपीआय जोडणी काढून टाकावी, घरातल्या दोन्ही फोनवर फक्त खर्चाचं खातं ठेवावं. दुसरं, खासगी बँकांची किमान शिलकीची अट. खर्चाचं खातं रिकामं होण्यासाठीच असल्यामुळे ते शून्य शिलकीचं हवं, नाहीतर दंड बसतो. तिसरं, तारखा. पगार ७ तारखेला होतो आणि एसआयपी ५ तारखेची, मग हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते, तोही करासह. एसआयपी १० च्या पुढे न्यावी. उलट पीपीएफचा हिशेब ५ तारखेचा. त्या महिन्याचं व्याज ५ तारखेच्या अखेरपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळतं, म्हणून ६ तारखेला भरलेल्या रकमेला त्या महिन्यात काही नाही. ज्यांचा पगार उशिरा होतो त्यांनी मागच्या महिन्याचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १ ते ५ मध्ये भरावा.

वर्षातून एकदा येणारे खर्च, शाळेची फी, गाडीचा विमा, गणपती-दिवाळी, यांची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढं आवर्ती ठेवीत टाका. ही रक्कम धरलीच नाही तर जूनमध्ये व्यवस्था कोसळते आणि दोष पुस्तकाला मिळतो.

बचत आणि विमा एकत्र विकणाऱ्या पारंपरिक पॉलिसींवर हालन कडक आहेत, आणि रास्त कडक आहेत. एजंटच्या कागदावर ‘१० लाख भरा, १७ लाख ३६ हजार मिळवा’ असं असतं. वर्षाला ५० हजार, २० वर्षं. ऐकायला भरघोस. स्प्रेडशीटमध्ये एकाखाली एक वीस ओळींत उणे ५० हजार लिहा, एकविसाव्या ओळीत १७,३६,००० लिहा आणि आयआरआर (वर्षाला पडलेला परताव्याचा दर) हे सूत्र लावा. उत्तर येतं ५ टक्के. तेच ५० हजार दरवर्षी एप्रिलच्या ५ तारखेआधी पीपीएफमध्ये टाकले, १५ वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली आणि एप्रिल २०२० पासून असलेला ७.१ टक्के दर टिकला असं धरलं, तर २२ लाख १९ हजार होतात. पाच लाखांच्या जवळ फरक. पण हे वाचून दुसऱ्याच दिवशी पॉलिसी बंद करायला धावू नये. आधी टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा निव्वळ विमा, हातात येऊ द्या, वैद्यकीय तपासणी पार पडू द्या. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आज सोडली तर किती आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीअंती किती. मुदत दोन-चार वर्षांवर आलेली असेल तर बहुधा चालू ठेवणंच बरं पडतं. नव्या पॉलिसीला मात्र ३० दिवसांची परतीची मुदत असते, ती हातची घालवू नये. टर्म घेतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली घेतली, तर तिची रक्कम बायको-मुलांचीच राहते, देणेकरी तिच्यावर हात टाकू शकत नाहीत. हा पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो.

आरोग्यविम्याबद्दलही हालन बारीक अक्षरं वाचायला सांगतात. त्यातलं सर्वांत महागात पडणारं अक्षर म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. ५ लाखांच्या पॉलिसीत एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार अशी मर्यादा असेल आणि रुग्ण १० हजारांच्या खोलीत राहिला, तर कपात नुसत्या खोलीभाड्यावर थांबत नाही, डॉक्टर आणि ऑपरेशनची रक्कमही त्याच प्रमाणात निम्मी होऊ शकते.

पुस्तकाचा दोष त्याच्या वयाचा. २०१८ नंतर करांची जमीन सरकली. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०सी ची (पीपीएफ, विमा वगैरेंवरची) वजावट नाही, त्यामुळे ‘कर वाचवायला गुंतवणूक’ हा मार्च महिन्यातला सगळा आटापिटा अनेकांसाठी संपला. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाच्या (रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडाच्या) नफ्यावर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के. करांची पानं इतिहास म्हणून वाचावीत.

अमेरिकेतल्या डेव्ह रॅम्झींची पद्धत वापरणारेही आता भेटतात, सर्वांत लहान कर्ज आधी फेडायचं, मनाला उभारी येते. उभारी खरी, पण १२ हजारांचा मोबाइलचा बिनव्याजी हप्ता आधी फेडताना क्रेडिट कार्डावरचे ६० हजार महिना साडेतीन टक्क्यांनी चालू असतील, तर दर महिन्याला २,१०० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८ रुपये, जळत राहतात. आपल्याकडे कार्ड आधी. लॉकरमधलं सोनं तारण ठेवून ते फेडलं तरी व्याज बहुधा एक तृतीयांशापर्यंत खाली येतं, फक्त सोनेतारणाचा हप्ता थकू द्यायचा नाही, नाहीतर दागिना लिलावात जातो.

क्रम विचाराल तर हालन आधी, कारण त्यात करायची कामं आहेत आणि ती दोन-तीन महिने पुरतात. खाती लागली, विमा झाला, निधी अर्धा भरला की हाउजेल. कियोसाकी सर्वांत शेवटी, चार रकान्यांचा कागद आधी स्वतः भरून, शक्यतो नवरा-बायकोने एकत्र, आणि त्या महिन्यात बिल्डरच्या साइटवर न जाता.

विकत घेताना एक बघा. क्लेसन १९५७ मध्ये वारले, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्या मूळ इंग्रजी पुस्तकाचा स्वामित्व हक्क संपला आहे आणि ते कुणीही छापू शकतं. शंभर-सव्वाशेच्या अनेक प्रती संक्षिप्त असतात, मुखपृष्ठावर तसं न लिहिता. अनुक्रमणिकेत मातीच्या पाच विटांवर लिहिलेल्या मजकुराचं प्रकरण आहे का ते बघा. सात-दोन-एकची वाटणी त्यातच आहे, आणि पानं वाचवायची म्हणून गाळायला तेच सोपं पडतं.